उपवासाचं पाकीट

१

उत्तरावहिनीची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, आणि गुरुवारी सकाळी तिच्या गाऊनवर रक्ताचा डाग पडला.

तिने गाऊन बादलीत बुडवला आणि कुणाला काही बोलली नाही. सत्तावीस वर्षं अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काढलेली नणंद घरात असताना काही लपवायचं, तर निदान बादलीवर झाकण तरी ठेवावं. पाण्याचा रंग बघून मी तिला तशीच रिक्षात घातली. गोविंददादा, म्हणजे माझा भाऊ, तेव्हा रामकुंडावर यजमानांचे विधी सांगत होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "उष्णतेचं असेल गं, आभा." पुरुषांना बायकांच्या सगळ्या दुखण्यांना हा एकच शब्द सुचतो.

मंगळवारी सगळे रिपोर्ट आले. डॉ. मनालीने ते आधी स्वतःशी वाचले, मग आम्हाला बसायला सांगितलं.

"काकू, तुमच्या पिशवीचं अस्तर जाड झालंय. तपासायला घेतलेल्या तुकड्यात कॅन्सर नाहीये, पण हे असंच चालू राहिलं तर पुढे होऊ शकतो. रक्तात इस्ट्रोजेन आहे चाळिशीतल्या बाईइतकं. ते कुठून येतंय, एवढाच प्रश्न आहे. बाहेरून की आतून?"

"आतून म्हणजे?" मी विचारलं.

"डाव्या बीजांडकोशाशी एक सावली दिसतेय. काही गाठी इस्ट्रोजेन तयार करतात. बाहेरून काही जात नसेल, तर सोमवारी पोट उघडून बघावंच लागेल. थांबणं धोक्याचं आहे."

उघडणंही धोक्याचंच होतं. लहानपणच्या तापाने वहिनीच्या हृदयाची झडप बिघडलेली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी फाइल चाळून नुसती मान हलवली होती. ती मान मला दोन दिवस झोपू देत नव्हती.

"काही गोळ्या, काढे, चूर्ण घेता?" मनालीने विचारलं.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "एक 'बहर' तेवढं. दुधात दोन चमचे. जांभूळ, तुती, स्ट्रॉबेरी, काळी द्राक्षं. आणि नाचणी."

मनाली खुर्चीत पुढे सरकली. "फळांत इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात, खरंय. पण एवढा परिणाम? मला नाही पटत. तुम्ही दाखवून दिलंत की त्यातूनच येतंय, तर मी सुरी बाजूला ठेवते. नाहीतर सोमवारी सकाळी आठ."

बहर घरात आणलं होतं मी. वहिनीला आग्रह करकरून पाजलं होतं मी. आणि पाच महिने स्वतःही तेच पीत होते.

२

त्या संध्याकाळपासून आम्ही दोघींनी बहर बंद केलं. माझीही सोनोग्राफी झाली, माझंही अस्तर जरा जाडच निघालं. पण मला त्याचं काही वाटेना. माझं हृदय घोड्यासारखं आहे. रात्रभर मी इकडून तिकडे फेऱ्या मारल्या आणि बुधवारी सकाळी मृण्मयी आहेरच्या दारात उभी राहिले.

गंगापूर रोडवर कुंभमेळ्यासाठी जिकडेतिकडे खणून ठेवलंय. आहेरांच्या बंगल्यात शिरायला फळीवरून जावं लागलं. पुढे बंगला, मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये मृण्मयी फळं वाळवते, दळते आणि बहर भरते. बंगल्याच्या व्हरांड्यात तिची सासू, इंदूसिस्टर, पांढऱ्या धोतरावर मोड आलेली नाचणी पसरत होती. नामपूरकडच्या एका दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती, म्हणून सगळे सिस्टरच म्हणतात. बहरमधली नाचणी भिजवण्यापासून दळण्यापर्यंत तिच्याच हातची. उपवासवाल्या बायकांसाठी राजगिरा आणि शिंगाडा घालून वेगळं पाकीट निघतं, तेही पीठ तीच करते. फळांची पावडर मात्र मृण्मयीच्या कुलपात.

"या ताई. वहिनी बऱ्या आहेत ना?" सिस्टरने विचारलं.

"नाहीत," मी म्हणाले. तिचा हात धोतरावर थांबला. मग ती पाणी आणायला उठली.

तेवढ्यात तिचा मुलगा, मृण्मयीचा नवरा आल्हाद ऑम्लेटची ताटली घेऊन बाहेर आला. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान त्याचं. दुपारी तो जेवायला, झोपायला घरी येतो, तेव्हा गल्ल्यावर आई बसते.

"बघा," सिस्टर म्हणाली, "हा नवरात्रातही सोडत नाही. मला वेगळ्या भांड्यात करावं लागतं."

"आणि हिचं काय?" आल्हाद हसला. "ऐन नवरात्रात ताप आला. डॉक्टरांनी कॅप्सूल दिली, तर म्हणे वरचं कवच जनावराच्या हाडांचं असतं, उपवास मोडेल. नऊ दिवस अनवाणी, वर ताप. शेवटी मी सिरप आणलं, तर त्याच्यावरचं बारीक अक्षरातलं सगळं वाचून मग घेतलं."

मृण्मयी शेडमधून आली. तिशीची, हातावर जांभळाचे डाग. वहिनीचं ऐकल्यावर ती पायरीवर बसली.

"फळांमुळे? शक्यच नाही, काकू."

"मग समजावून सांग मला. मी शाळेतली मुलगी आहे असं समज."

तिने समजावलं, आणि छान समजावलं. शरीरात इस्ट्रोजेनची कुलपं असतात. तुती, जांभूळ, द्राक्षाचं साल यांच्यात काही द्रव्यं त्या किल्लीच्या घडणीची. ती कुलपात शिरतात, पण पुरती फिरत नाहीत. कधी दार जरासं किलकिलं होतं, तर कधी ती नुसतीच अडकून बसतात आणि खऱ्या किल्लीलाच आत येऊ देत नाहीत.

"किती किलकिलं?"

"खूप कमी. खऱ्या इस्ट्रोजेनच्या हजाराव्या भागाएवढं, कधी त्याहूनही कमी," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

"मग आम्हा बायकांच्या अंगातली आग थांबली कशाने?"

"थांबली ना पण! पहिल्या वर्षी कुणालाच फरक नव्हता. मी हात टेकले होते. मग गुढीपाडव्याला तुतीचं प्रमाण वाढवलं, आणि फोन यायला लागले. चाळीस बायका घेतात आता." तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "काकू, हे बंद पडलं तर मी पुन्हा उभी राहणार नाही."

हजारावा भाग दुपटीने वाढवला तरी तो किती वाढणार? तुती कितीही गुणाची असो, वहिनीचं अस्तर तिने जाड केलं नव्हतं. मग बहरमध्ये दुसरं काहीतरी होतं. आणि ते कुणीतरी घातलं होतं.

३

गुरुवारी मी पुन्हा शेडवर गेले, कारण त्या दिवशी आक्काबाई येते. सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून वाळवलेली तुती आणि स्ट्रॉबेरी गोळा करून ती एसटीने पोती आणते. पंचावन्नची, काटक बाई. पोत्यांसोबत तिच्या खांद्याला एक झोळी असते, जी ती कुणाच्या हाती देत नाही.

"झोळीत काय गं?" मी सरळच विचारलं.

"तुमाला काय करायचं?"

"माझी वहिनी मरायला टेकलीय. म्हणून विचारते."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि झोळी पालथी केली. बोटांएवढ्या पांढऱ्या मुळ्या घरंगळल्या. शतावरी!

शतावरी म्हणजे बायकांचं औषध. आजीबाईच्या बटव्यापासून वैद्याच्या कपाटापर्यंत सगळीकडे तिची महती. "ही तू पावडरीत घालतेस?"

"मी कशाला घालू? ही त्या पंचवटीतल्या वैद्याला देते मी. पैसं रोख देतो त्यो." मग तिला राग आला. "बाई, मी जंगलातली, म्हून माझ्याच झोळीत हात घालायचा व्हय? ही फळं वाळत घालताना आमी बाया दिसभर मूठ मूठ खातो. पोरी खात्यात, म्हाताऱ्या खात्यात. लय गोड हाय या साली. कुनाला काय झालं नाय. तुमच्या शेरातच काय व्हतं ते तुमी बघा."

मला लाज वाटली आणि मी ती बोलूनही दाखवली. बोलणं बरोबर होतं तिचं. तिच्या पाड्यावरच्या बाया आमच्या दसपट तुती खात होत्या. शिवाय शतावरी झाली तरी ती झाडाचीच मुळी. तिचीही किल्ली अर्धीच फिरणार. मी शहरातल्या शहाण्यांसारखी चोर शोधायला आधी गरिबाच्या झोळीत घुसले होते.

गुरुवार संपला. हातात काही नाही. घरी आले तर वहिनी कपाट आवरत होती.

"हे काय चाललंय?"

"सगळ्यांना सगळं सापडलं पाहिजे ना," ती म्हणाली. "तुझ्या दादाची उपरणी या कप्प्यात ठेवलीत बघ. लक्षात ठेव."

मी तिच्यावर ओरडले. मग न्हाणीघरात जाऊन रडले.

४

शुक्रवारी सकाळी जॉगिंग ट्रॅकवर दुसऱ्याच फेरीत माझ्या मानेतून आग निघाली. कानशिलं तापली, पाठ घामाने भिजली, पंजाबीचा गळा फाडून टाकावासा वाटला. पाच महिन्यांनी ती जुनी भट्टी पुन्हा पेटली होती. बहर सोडल्याचा हा तिसरा दिवस.

रोशनी पगारे माझ्यासोबत होती. जिल्हा परिषदेत हेडक्लार्क, पुढच्या कॉलनीतली, आमच्या ट्रॅकच्या गटातली सगळ्यात हसरी बाई. तिने मला बाकावर बसवलं आणि ओढणीने वारा घातला.

"तुमचं हे नवरात्रासारखं झालं, ताई."

"नवरात्रासारखं म्हणजे?"

"विसरलात? पाचव्या माळेला तुम्ही इथेच बसला होतात, अशाच लालबुंद. तुमच्या वहिनी, जोशीबाई, निकमबाई, सगळ्या पदराने वारा घेत होत्या. मी म्हटलं पण तेव्हा, उपाशी राहून पित्त झालंय तुम्हाला."

मला आठवलं. मीही त्याला उपवासाचं पित्तच समजले होते. दसऱ्यानंतर दोन-चार दिवसांत ते आपोआप गेलंही होतं.

"आणि तुला?"

"मला कुठलं काय! आम्ही कुठे नवरात्र करतो? दसऱ्याला आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी रोज पोटभर जेवून, दूध-बहर पिऊन मस्त होते."

"कुठलं बहर, रोशनी?"

"कुठलं म्हणजे? नेहमीचं. नाचणीचं."

मी ताडकन उठले. अंगातली आग तशीच होती, पण आता मला पळवत होती. घरी येऊन मी बायकांना फोन लावत सुटले. नऊ दिवस उपवास केलेल्या सात जणी, सगळ्यांनी त्या दिवसांत उपवासाचं पाकीट घेतलं होतं, सगळ्यांच्या अंगाची चौथ्या-पाचव्या दिवशी आग झाली होती. उठता-बसता करणाऱ्या दोघी, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच उपवास धरणाऱ्या. त्या मधले दिवस नाचणीवरच होत्या, त्यांना काही नाही.

दोन्ही पाकिटांत फळं तीच होती. फरक फक्त पिठाचा. आमच्या अंगातली आग विझवणारं जे काही होतं, ते तुतीत नव्हतं. नाचणीत होतं.

५

राज माझा जुना सहकारी. आता त्याची स्वतःची प्रयोगशाळा आहे आणि त्याच्या यंत्रापुढे कुठल्याही पदार्थाला खोटं बोलता येत नाही. शुक्रवारी दुपारी मी त्याला तीन पाकिटं नेऊन दिली. एक आमच्या घरचं नाचणीचं. एक वहिनीचं उरलेलं उपवासाचं. तिसरं रोशनीचं, अजून थोडं शिल्लक असलेलं. त्याच्यावर भरल्याची तारीख होती, घटस्थापनेच्या आदल्या दिवसाची. वहिनीच्या उपवासाच्या पाकिटावरही तीच तारीख.

शनिवारी संध्याकाळपर्यंत मी घरात काय केलं ते सांगता येणार नाही. दूध दोनदा उतू गेलं. वहिनीची रविवारी भरती व्हायची पिशवी दारापाशी भरून ठेवलेली होती आणि मी तिच्याकडे पाठ करून बसायची जागा शोधत होते.

सहा वाजता फोन आला.

"आभाताई, नाचणीच्या दोन्ही पाकिटांत हार्मोन आहे. भरपूर आहे. उपवासाच्या पाकिटात औषधालाही नाही."

"झाडातलं?"

"अजिबात नाही. उलट गंमत ऐका. त्यात एक जात अशी आहे जी बाईच्या अंगातही नसते आणि झाडातही नसते. ती फक्त घोडीत सापडते. गाभण घोडीच्या मुतापासून काही हार्मोनच्या गोळ्या बनवतात, माहीत आहे ना? कुणीतरी त्या गोळ्या कुटून नाचणीत मिसळल्यात."

मी मनालीला तेव्हाच फोन केला. तिने राजचा रिपोर्ट मागवला, वाचला आणि परत फोन केला. "सोमवार रद्द. बाहेरून येत होतं, मिळालं उत्तर. आता अस्तर गोळ्यांनी उतरवू आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बघू. तेव्हाही ती सावली तशीच दिसली, तर मात्र काकू, मला उघडावं लागेल."

वहिनीने पिशवीतून टॉवेल काढून दोरीवर टाकला. मी मात्र अजून बसू शकत नव्हते. शहरात आणखी अडतीस घरांत रोज सकाळी कुणीतरी दोन चमचे दुधात घालत होतं, आणि त्यात गोळ्या मिसळणारा हात कुणाचा ते मला कळलं होतं.

६

रविवारी सकाळी आहेरांच्या जेवणाच्या टेबलाशी मी तिघांना बसवलं. राजचा रिपोर्ट मध्ये ठेवला.

मृण्मयीने तो दोनदा वाचला. आल्हाद आधी उसळला. "माझं दुकान आहे म्हणून माझ्यावर? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"तुझ्या दुकानात या गोळ्या असतात. तिथे तू बसतोस, दुपारी आई बसते, कधी मृण्मयीही बसते. तिघांनाही मिळू शकत होत्या. म्हणून गोळ्या कुठून आल्या हे मी विचारतच नाही. मी एवढंच विचारते, की उपवासाचं पाकीट का वाचलं?"

मीच पुढे सांगत गेले.

"बाजारात बहरचं नाव व्हावं एवढाच हेतू असता, तर गोळ्या फळांच्या पावडरीत घातल्या असत्या. ती दोन्ही पाकिटांत जाते. एकदा घातलं की काम झालं. मृण्मयीला तर ते सगळ्यात सोपं होतं, पावडर तिच्या कुलपात. पण घातलं पिठात, आणि तेही एकाच."

"तेव्हा गोळ्या संपल्या असतील," आल्हाद म्हणाला.

"रोशनीचं नाचणीचं पाकीट आणि वहिनीचं उपवासाचं, दोन्ही एकाच दिवशी भरलेली. एकात आहे, एकात नाही. म्हणजे संपल्या नव्हत्या. कुणीतरी ठरवून हात आवरला. नवरात्राचं पाकीट होतं म्हणून आवरला. आता मला सांग, नवरात्रात ऑम्लेट खाणारा माणूस बायकांच्या उपवासासाठी हात आवरेल?"

आल्हादने मान वळवून आईकडे बघितलं.

"त्या माणसाला दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, गोळी कशापासून बनते. दुसरी, असली वस्तू उपवासाच्या बाईच्या पोटात गेली तर देवीचा कोप होतो. कॅप्सूलचं कवच हाडाचं म्हणून जी तापात तळमळत राहते, ती घोडीच्या मुताची गोळी राजगिऱ्यात कशी मिसळेल?"

इंदूसिस्टरने पदर तोंडाला लावला नाही, की नाही म्हटलं नाही. ती मृण्मयीकडे बघत होती. नेहमी शहरी मराठी बोलणाऱ्या त्या बाईच्या तोंडून नामपूरची भाषा बाहेर पडली.

"मनी सून शे ती, आभाताई. पहिल्या वर्षी बायांनी सांगितलं, काही गुण नाही. ही पोर तीन महिना भिंतकडे तोंड करीसन पडेल व्हती. जेवे ना, बोले ना. माले देखायेना. मी म्हटलं, थोडं थोडं टाकू. नाव होऊ दे, मग बंद करू."

"तुम्ही नर्स होतात," मी म्हणाले. "नुसतं इस्ट्रोजेन महिनोन् महिने दिलं की पिशवीचं काय होतं, तुम्हाला माहीत होतं."

"माहीत व्हतं." तिने डोळे मिटले. "पोलिसात द्या माले. पण तिला एवढं सांगू नका, की फळांनी काहीच..."

ती थांबली, कारण मृण्मयी उठून उभी राहिली होती.

"काकू," तिने मला विचारलं, "उपवासाच्या पाकिटात नुसती माझी फळं होती. नऊ दिवस. तेव्हा कुणाला बरं वाटलं?"

मला त्या पोरीची इतकी दया आली, की खोटं बोलावंसं वाटलं. पण खोटं बोलणाऱ्या मायेने काय केलं होतं ते समोर टेबलावर पडलं होतं.

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मग आतून बायकांच्या नंबरांची वही आणली, सासूच्या पुढ्यात ठेवली, फोनही ठेवला. "चाळीस नावं आहेत, आई. प्रत्येकीला तुम्ही सांगायचं. काय घातलं, कुणी घातलं, आणि कुठली तपासणी करायची. मी इथे बसते."

दुपारी तीनपर्यंत ती बाई फोन करत होती. काही जणी शिव्या देत होत्या, ते मला टेबलापर्यंत ऐकू येत होतं. मृण्मयी वहीतल्या एकेका नावापुढे खूण करत होती.

७

तक्रार मी दिली. शेडला सील लागलं, सिस्टरवर केस उभी राहिली, आल्हादच्या दुकानाची चौकशी लागली. ट्रॅकवर दोन तट पडले. म्हातारीने सुनेसाठीच केलं ना, असं म्हणणाऱ्याही निघाल्या. त्यांच्या पिशव्या शाबूत होत्या. निकमबाईंची काढावी लागली.

वहिनीने ते सहा आठवडे कसे काढले ते मला माहीत आहे, कारण मी तिच्या शेजारी झोपत होते. ती जागी असायची आणि मी झोपल्याचं सोंग करायचे. सहा आठवड्यांनी मनालीने सोनोग्राफीचा पडदा आमच्याकडे वळवला. अस्तर पातळ झालं होतं. डावीकडची सावली म्हणजे पाण्याची साधी गाठ होती, तीही आता अर्धी झाली होती. उघडायचं काही कारण उरलं नव्हतं.

मला वाटलं, वहिनी रडेल. ती रिक्षात बसली आणि म्हणाली, "आहेरांकडे घे."

"आत्ता? कशाला?"

"घे म्हटलं ना."

इंदूसिस्टर व्हरांड्यात रिकाम्या हाताने बसली होती. इतक्या दिवसांत वाळली होती. वहिनीला बघून उठायला लागली, तशी वहिनीने तिला हाताने बसवलं आणि स्वतः समोर बसली. आमची उत्तरावहिनी आयुष्यात कुणाला टाकून बोललेली मी ऐकलेली नाही. भाजीवाली फसवते तेव्हाही तीच शरमते.

"सिस्टर, मला एकच विचारायचंय. नवरात्रात आमचा उपवास मोडू नये म्हणून तुम्ही नऊ दिवस हात आवरलात. मग दसऱ्यानंतर आमची पाकिटं पुन्हा नाचणीची झाली. तेव्हा गोळ्या कुटताना हात का नाही थांबला?"

दारात मृण्मयी येऊन उभी राहिली होती, तिने ऐकलं होतं. म्हातारी बोलली, आणि जे बोलली ते अगदी खरं बोलली असं मला आजही वाटतं.

"देवी कोपस, ताई. बाया कोठे कोपतस?"

वहिनीने तिच्याकडे नीट बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून ती सावकाश उठली.

"मी कोपलेय, सिस्टर," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून रिक्षाकडे चालू लागली.